भोईर सरांचा जिना

भोईर सर पेशंटच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसत, कमरेकडे बघत. ओपीडीत माणूस आत आला, नमस्कार करून उभा राहिला, की सरांची नजर सरळ त्याच्या पट्ट्यावर जायची. बक्कल कुठल्या भोकात आहे, नेहमीच्या भोकाशी चामडं झिजून पांढरं पडलंय का, आणि त्याच्याही आत एखादं वेडंवाकडं, घरीच खिळ्यानं पाडलेलं भोक आहे का, हे ते बघायचे. मग मान वर करून विचारायचे, "हा खिळा कवा मारलास?"

माणूस गोंधळायचा. खोकला कधीपासून, थुंकीतून रक्त किती वेळा, छातीत दुखतं ते नेमकं कुठे, याची सगळी उत्तरं तो बाकावर बसून घोकून आलेला असायचा. खिळ्याचं कुणी विचारेल असं त्याला वाटलेलं नसायचं. बायका आल्या तर सर त्यांना हात वर करायला सांगायचे. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरत गेल्या की सरांचा चेहरा उतरायचा, पण बोलताना म्हणायचे, "मावशी, बांगड्या झक हायत."

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये माणसाचं वजन आधीच किती उतरलंय, याला फार महत्त्व असतं. ज्याचं शरीर आतून खाल्लं गेलंय, त्याला ऑपरेशन झेपत नाही, आणि झेपलं तरी तो पुढे फार काळ तग धरत नाही. वजनाचा काटा आमच्याकडे होता. पण तो आजचं वजन सांगायचा. दिवाळीत किती होतं, गेल्या पावसाळ्यात किती होतं, हे आमच्याकडे येणाऱ्या लोकांना ठाऊक नसायचं. बरं असताना दवाखान्याची पायरी कोण चढतो? सर म्हणायचे, "आजचं वजन काटा सांगतो, कालचं पट्टा सांगतो."

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नवी मुंबईतल्या त्या धर्मादाय रुग्णालयात समाजसेविका म्हणून लागले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. मी म्हसवडच्या शाळेत शिकले, साताऱ्याला कॉलेज केलं, आणि नोकरीचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते शेजारच्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं होतं. रुग्णालयात पहिल्या दिवसांत कुणी इंग्रजीत काही विचारलं की मी हातातल्या फायलीत बघत राहायचे. सरांनी माझं नाव विचारलंच नाही. गाव विचारलं. मी म्हटलं, "म्हसवड." तेव्हापासून मी 'म्हसवड' झाले.

ते सगळ्यांना गावानंच हाक मारत. वॉर्डातल्या सिस्टर 'देवरुख', लिफ्टमन 'जुन्नर', भूल देणाऱ्या मॅडम 'बेळगाव'. पेशंटांचंही तेच. "नावं दहा जनांची सारखी असतात," ते म्हणायचे, "गाव विचारलं की मानूस जरा सरळ बसतो. बघ तू." मी बघितलं. खरंच बसायचा.

सर स्वतः तळवलीचे, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूचे. वडील आणि आजोबा खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकवायचे, मिठागरावर राबायचे. पुढे जमिनी शहरासाठी गेल्या. भावकीतल्या लोकांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, कुणी रेतीच्या धंद्यात गेलं, कुणी बिल्डर झालं. सर डॉक्टर झाले, तेही छातीचे सर्जन. त्यांचा चुलतभाऊ कधीतरी रुग्णालयात यायचा, गळ्यात जाड साखळी, आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "दादूस, आमी चाळी उभ्या केल्या. तू अजून लोकांच्या छात्याच उघडतंस." सर म्हणायचे, "तुजी बी उघडीन. इरी वढायची सोडली नायस तर फुकट उघडीन."

आमच्याशी बोलताना ते सरळ पुस्तकी मराठी बोलत, तरी अधूनमधून गाव डोकावायचंच. पेशंटशी मात्र ते गावच्याच बोलीत बोलत, मग तो पेशंट कुठलाही असो. सांगलीचा असो, नाहीतर भैया असो.

आता जिना. आमच्या इमारतीला चार मजले होते आणि लिफ्टही होती. पण ज्याचं फुप्फुस काढायचं असेल त्याला सर ऑपरेशनच्या आधी स्वतः जिन्यावर न्यायचे. यंत्रावर फुंकर मारायची तपासणी व्हायचीच. सरांचा विश्वास जिन्यावर जास्त. पेशंटला ते सांगायचे, "चल, वरती चा पिऊ." आणि चढताना त्याच्याशी सारखे बोलायचे. पेरणी झाली का, पोरगी कुठं दिली, मासळी काय भावानं. पेशंटला वाटायचं डॉक्टर मोठा बोलका आहे. सर त्याच्या उत्तरांतली वाक्यं ऐकत असायचे. वाक्य कुठे तुटतंय, कुठल्या मजल्यावर नुसतं 'हां, हां' सुरू होतंय, कठड्याला हात कुठे लागतोय. तिसऱ्या मजल्यापर्यंत ज्याचं वाक्य पूर्ण राहिलं, त्याचं ऑपरेशन करायला सर तयार व्हायचे. जिन्याच्या वर खरंच चहा मिळायचा. पहिल्याच वळणावर जो बसायचा, त्याला सर तिथेच चहा मागवून द्यायचे, आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसून स्वतःही प्यायचे.

पेशंट विचारायचेच, "डॉक्टर, ऑपरेशन केलं तर किती वर्षं?" सर वर्ष कधी सांगत नसत. "आकडा गर्दीचा असतो," ते म्हणायचे, "तू एकटा आलायस." समोरचा हट्टाला पेटला तर ते खाडीचं सांगायचे. भरती थांबवणं आपल्या हातात नाही. गाठ केवढी वाढलीय, दोन फुप्फुसांच्या मधल्या ग्रंथींपर्यंत पोचलीय का, आम्ही कापल्यावर कडेला काही उरतं का, ही भरती. ती जेवढी आत आलीय तेवढी आली. पण बांध आपण घालतो. बिडी बंद, पोटभर जेवण, ऑपरेशननंतर दुखलं तरी खोकून छाती मोकळी करणं, बोलावलं की परत येणं. आणि सगळं सांगून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला, "घरी कोन हाय?"

हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी असायचा. पेशंटच्या घरी जाऊन यायचं काम माझं. घणसोली गावातल्या भाड्याच्या खोल्या, तुर्भ्याच्या मार्केटमागची वस्ती, सारसोळ्याची कोळ्यांची घरं, मी सगळीकडे गेले. परत आले की सर विचारायचे, "काय दिसलं?" सुरुवातीला मी कॉलेजात शिकल्याप्रमाणे सांगायचे, कुटुंबात सदस्य अमुक, आर्थिक स्थिती तमुक. सर हात वर करून थांबवायचे. "म्हसवड, त्याला रात्रीचं ताट कोण वाढतं ते सांग."

सारसोळ्याचे एक कोळी काका होते. होडीवर राबलेले, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं होती आणि ते जिन्याच्या पहिल्याच वळणावर बसले. सरांनी त्यांचं ऑपरेशन केलं नाही. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात किरणांच्या शेकासाठी पाठवलं, दोन-तीनदा स्वतः फोनही केले. काका पुढच्या पावसाळ्याच्या आत गेले. सरांचा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. त्या शरीराला टेबलावर घेणं म्हणजे त्यांचे उरलेले महिने काढून घेणं होतं. पण ओपीडीच्या बाकावर त्याची गोष्ट वेगळी झाली. "सारसोळेवाल्याला पट्ट्यावर नापास केला," असं लोक एकमेकांना सांगू लागले. "डॉक्टर पट्टा बघतो. भोक दिसलं की परत धाडतो."

ते आमच्यापर्यंत फार उशिरा पोचलं.

सोपान शेलार तेव्हाच आला. मेढ्याच्या बाजूचा, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. वय पन्नाशीच्या अलीकडचं. पाठ आणि खांदे दगडात घडवल्यासारखे. गळ्यात तुळशीची माळ. सोबत बायको, हिराबाई, आणि मार्केटातले दोघे सोबती. उजव्या फुप्फुसात मोठी गाठ होती, मधल्या ग्रंथीही सुजलेल्या दिसत होत्या. दोन ठिकाणी त्याला 'उशीर झाला' सांगून परत पाठवलं होतं.

सरांनी कमरेकडे बघितलं. पट्टा कोरा करकरीत होता.

"नवा पट्टा?"

"व्हय. मेव्हण्यानं दिला दिवाळीला."

"वजन उतरलंय का रं?"

"न्हाई डाक्टर. मी पयल्यापास्नं असाच वाळका."

सोबत्यांपैकी एक लगेच म्हणाला, "वाळका हाय, पर गोनी उचलताना बघा. आमच्यात ह्योच पुढं."

हिराबाई जमिनीकडे बघत होती. ती लाजतेय असं मला वाटलं.

मग जिना. सरांनी चहाचं निमंत्रण दिलं, आणि सोपान गेला तो थेट चौथ्या मजल्यावर. वाटेत तो सरांना सांगत होता की कांद्याची गोणी पाठीवर घेताना मान कुठे ठेवायची, श्वास कुठे सोडायचा. एकही वाक्य तुटलं नाही. उलट चौथ्या मजल्यावर सरच कठड्याला टेकले, आणि सोपान म्हणाला, "डाक्टर, तुमी बसा. मी च्या आनतो."

सर खाली आले ते खुशीत. "म्हसवड, ह्या माणसाला भरती आलीय खरी, पण बांध बघ काय भक्कम आहे!" हमालाची पाठ आणि हमालाचे पाय आयुष्यभर ओझ्यानं घडलेले असतात. शरीर आतून पोखरलं तरी ते सगळ्यात शेवटी खचतात, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सरांच्या जिन्यानं आजवर कुणाला फसवलं नव्हतं. पण त्यावर गोण्या वाहणारा माणूस याआधी कुणी चढला नव्हता.

ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचे दोन भाग आणि मधल्या ग्रंथी काढल्या. बाहेर आल्यावर सर हिराबाईला म्हणाले, "दिसलं तेवढं सगळं काढलं." पण ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. "आत चरबीचं नाव नाही," ते हळू म्हणाले. "पहिल्यापासूनचा वाळका माणूस असा नसतो."

नंतरचे दिवस वाईट गेले. छातीतून एक नळी काढून ती पलंगाखालच्या बाटलीत, पाण्यात सोडलेली असते. फुप्फुसातून हवा झिरपत असेल तर खोकताना त्या पाण्यात बुडबुडे येतात. जखम भरली की बुडबुडे थांबतात. सोपानचे थांबेनात. टाके ओले राहिले, ताप चढ-उतार करू लागला. मार्केटातले सोबती सुट्टी मिळेल तसे येत आणि पलंगाशी बसून त्या बाटलीकडे टक लावून बघत. कुणीतरी म्हणायचं, "आरं सोपान, खोक की." तो खोकायचा. बुडबुडे यायचे.

एके दुपारी हिराबाई माझ्या टेबलाशी आली. हातात कापडी पिशवी होती.

"म्याडम, डाक्टर रागावतील का वं?"

"कशाला रागावतील?"

तिनं पिशवीतून एक जुना पट्टा काढला. खिळ्यानं पाडलेली तीन भोकं होती, एकाच्या आत एक, शेवटचं अगदी ताजं. "बाकावर लोक बोलत हुते, डाक्टर भोक बघून परत धाडत्यात. दोन दवाखान्यांनी आधीच धाडलं हुतं. आता तिसऱ्यांनीबी धाडलं असतं तर आमी कुठं जायाचं? म्हनून मार्केटातनं नवा घेतला. प्यांट बी टेलरकडनं आत मारून आनली." एवढं बोलून ती रडायला लागली. "त्येंनी न्हाई म्हटलं हुतं. मीच घालाया लावला."

मी तिला घेऊन सरांकडे गेले. सर उभ्यानंच चणे खात होते. ती त्यांची सवय होती, खिशात कायम चण्यांची पुडी. त्यांनी पट्टा हातात घेतला, भोकांवरून अंगठा फिरवला, ऐकून घेतलं, आणि पुडी टेबलावर ठेवली.

"हिराबाय, तू जा. त्याच्याजवळ बस. मी येतो."

ती गेल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परीक्षा ठेवली की कॉपी होतेच, म्हसवड. मी लोकांना विचारायचं सोडून तपासायला लागलो. मग ते पास व्हायला बघणारच की."

मी विचारलं, "सर, पट्टा आधी दिसला असता तर तुम्ही ऑपरेशन केलं असतं?"

"आधी चांगलं जेवू घातलं असतं काही आठवडे. त्या आठवड्यांत गाठ वाढली असती का? ठाऊक नाही. कदाचित नाहीच म्हटलं असतं. आणि ते बरोबरही ठरलं असतं." पट्टा गुंडाळत ते म्हणाले, "ठाऊक नाही, हे मोठ्यानं म्हणायला शिक. आपल्या धंद्यात त्याला फार ताकद लागते."

मग ते वॉर्डात गेले. सोपाननं त्यांच्या हातात तो पट्टा पाहिला आणि तोंड भिंतीकडे केलं. सर पलंगाच्या कडेला बसले.

"मेढा, ए मेढा. इकडं बघ. मना सांग, तू बाहेरचं भोक कवा वापरायचास?"

सोपान भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिला.

"आरं, इचारतोय."

"पोरीच्या लग्नात," सोपान भिंतीकडे बघतच म्हणाला.

"मंग पोरीच्या लग्नापर्यंत परत जायाचं हाय आपल्याला." आणि त्यांनी तो पट्टा सोपानच्या पलंगाच्या लोखंडी दांड्याला बक्कल लावून टांगला. शेजारी सलाईनची बाटली, खाली बुडबुड्यांची, आणि मध्ये तो पट्टा. राऊंडला येणारे बाकीचे डॉक्टर त्याकडे बघून भुवया उंचावत. सर कुणाला काही सांगत नसत.

खाण्याचा प्रश्न निघाला. सरांनी यादी सांगितली, अंडी, निवट्यांचं कालवण, खेकड्याचा रस्सा. सोपाननं माळेला हात लावला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आरं माळकऱ्या, मग ताकद काय टाळ कुटून येनार हाय?"

"टाळाला बी ताकद लागती डाक्टर," सोपान म्हणाला. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा हसला, आणि हसताना खोकला, आणि बाटलीत बुडबुडे आले.

दुसऱ्या दिवसापासून तळवलीहून डबा यायला लागला. सरांची आई सत्तरीची होती, नाकात नथ, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं. ती चुलतभावाच्या गाडीतून स्वतः डबा घेऊन यायची. तांदळाची मऊ भाकरी, वालाचं बिरडं, नाचणीची पेज, मुगाचं कढण, तुपाची वाटी. आणि वॉर्डाच्या दारातूनच आवाज द्यायची, "कोन तो माझ्या पोराला फसवनारा? मना बघू दे त्याला." सोपान चादरीत शिरायचा. म्हातारी त्याच्या उशाशी बसून वाटी संपेपर्यंत हलायची नाही. "खा. माझा डाक्टर झाला तरी मी त्याला असंच भरवते." सर दारात असले तर हळूच निघून जायचे.

बुडबुडे हळूहळू कमी झाले. एके सकाळी सोपान जोरात खोकला आणि पाणी हललंही नाही. त्यानं पुन्हा खोकून बघितलं. देवरुख सिस्टर धावत आली, तिला वाटलं काही झालं. पलंगाशी बसलेला एक सोबती ओरडला, "पानी गप हाय! पानी गप हाय!" सगळा वॉर्ड बघायला गोळा झाला. सर आले, वाकून बाटलीकडे बघत बसले, आणि सोपानला म्हणाले, "अजून एकदा." तो खोकला. सर उठले, खिशातून पुडी काढली आणि वॉर्डातल्या प्रत्येकाच्या हातावर चणे ठेवत गेले.

त्यानंतर सरांनी माणसाच्या कमरेकडे बघायचं सोडलं नाही. पण आधी सांगायला लागले. नवा पेशंट आत आला की ते स्वतःच्या पट्ट्यावर थाप मारून म्हणायचे, "हे लपवू नकोस. भोक असलं तरी तुझी पाळी जात नाय. आधी जेवाया बसवीन, मग बघू." काहींना तरीही नाही म्हणावं लागायचं. ते सांगताना सर त्यांना जिन्यावर न्यायचे नाहीत, समोर खुर्ची ओढून बसायचे.

एकदा मुंबईत डॉक्टरांची मोठी सभा होती. फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरवर ऑपरेशन केल्यावर कोण टिकतं, कोण नाही, यावर सर बोलणार होते. त्यांनी मला सोबत नेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एसी सभागृहात बसले, साडी सारखी करत. सर इंग्रजीत बोलले, सावकाश, तळवलीच्या हेलात. ग्रंथी, गाठीचा आकार, कापलेल्या कडा, वजन, धूम्रपान, आणि शेवटी म्हणाले, घरी कोण आहे. एक पांढऱ्या केसांचे मोठे डॉक्टर उठले आणि हसत म्हणाले की हे शेवटचं कारण कुठल्या तपासणीत दिसतं ते कळेल का? सभागृहात हशा झाला. सरांनी मागच्या रांगेकडे बोट केलं. "माझ्याकडे एक समाजसेविका आहे. तिच्यात दिसतं."

माना वळल्या. मला कुठे बघावं कळेना. परतीच्या वाटेवर गाडीत मी म्हटलं, "सर, असं का केलंत? मला घाम फुटला." ते म्हणाले, "मी पण तळवलीच्या शाळेतूनच आलोय. मलाही फुटला होता. तू मागे होतीस म्हणून बरं वाटलं." माझ्या शिक्षणाचं चीज झालं असं मला कधी वाटलं, असं कुणी विचारलं तर मी ती गाडी सांगते.

सोपान मुंबईत शेक घेऊन आला आणि मग तपासणीला ठरल्या वेळी येत राहिला. गोण्या उचलणं बंद झालं होतं, माथाडींच्या टोळीतल्या लोकांनी त्याला हलकं काम दिलं होतं. येताना तो कायम तो जुना पट्टा घालून यायचा. दारातूनच शर्ट वर करायचा. "बघा डाक्टर, ह्या खेपेला मधल्या भोकात." पुढे एकदा आला तो नुसता हसतच. बक्कल बाहेरच्या, झिजून पांढऱ्या पडलेल्या भोकात होतं. "पोरीचं लगीन!" तो म्हणाला. सरांनी उठून त्याच्या पोटावर चापट मारली. "माझ्या आयला जाऊन दाखव. तिला खरं वाटनार नाय." आणि तो खरंच हिराबाईला घेऊन तळवलीला जाऊन आला. दोनेक वर्षं अशी गेली. ज्यांनी त्याला आधी परत पाठवलं होतं, त्यांना ही दोन वर्षं दिसली नव्हती. आम्हालाही दिसली नव्हती.

मग माझं लग्न ठरलं, आणि सासर सांगलीला असल्यानं मी नोकरी सोडली. शेवटच्या आठवड्यात मी सामान आवरत होते. सोपान आला. एकटाच. नेहमीसारखा दारातून शर्ट वर केला नाही. सरांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि सावकाश शर्ट उचलला. बक्कल आतल्या भोकात होतं. त्याच्याही आत, नवं, खिळ्यानं पाडलेलं एक भोक होतं. चामड्याच्या कडा अजून वर आलेल्या होत्या.

"डाक्टर," तो म्हणाला, "ह्या खेपेला लपवलं न्हाई."

सरांनी बघितलं. एक्स-रे, रक्त, काहीच लिहिलं नाही. पेन खिशाला लावलं.

"चल मेढा, जिन्यावर जाऊ."

"चढायचं?"

"नाय रं. बसायचं."

ते दोघं बाहेर गेले. जुन्नरनं सवयीनं लिफ्टचं दार उघडलं, सरांनी त्याला नको म्हणून मान हलवली. मी माझ्या टेबलाशी होते, तिथून जिन्याचं पहिलं वळण दिसायचं. दोघं तिथे पायरीवर बसले. खांद्याला खांदा लागून, एक पांढरा कोट आणि एक माथाडीचा निळा शर्ट. सरांनी चण्यांची पुडी काढून दोघांच्या मध्ये ठेवली. बराच वेळ ते बोलत होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी नंतर विचारलंही नाही. पुढच्या भातकापणीच्या सुमारास सोपाननं मेढ्याला, आपल्या घरी प्राण सोडला, हे मला सांगलीत हिराबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या पत्रातून कळलं. शेवटी रोज रात्री ताट त्याला तीच वाढायची, हेही तिनं आठवणीनं कळवलं होतं.

पण त्या दिवशी ते दोघं थोड्या वेळानं उठले. मला वाटलं खाली येतील. सोपाननं वर बघितलं, कठड्याला हात न लावता पहिली पायरी चढला, मग दुसरी. सर आजवर प्रत्येक पेशंटच्या बरोबरीनं, किंचित पुढून चढत आले होते. त्या दिवशी ते एक पायरी मागे राहिले. त्यांचा हात सोपानच्या पाठीमागे, हवेतच, न टेकवता धरलेला होता. आणि बोलत होता तो सोपान. या वर्षी गावी भाताची कुठली जात पेरायची, ओढ्याकाठचं पाणी कसं वळवायचं. वाक्यं मध्येच तुटत होती, तो थांबायचा, श्वास घ्यायचा, आणि तुटलेलं वाक्य तिथूनच उचलून पूर्ण करायचा. सर काही विचारत नव्हते. ऐकत होते. मग जिना वळला, आधी निळा शर्ट दिसेनासा झाला, मग पांढरा कोट, आणि वरून सरांचा आवाज तेवढा आला, "ए जुन्नर, दोन चा वरती पाठव."